रिग्रेशन मॉडेल निवडायचं कसं? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उतरली की इथे एमएस्सीच्या प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. रोज कोणी ना कोणी लॅपटॉप उघडून समोर बसतं आणि विचारतं, "सर, पाच मॉडेलं बसवली, यातलं कुठलं ठेवू?" संख्याशास्त्राचे विद्यार्थी येतात, कृषीचे येतात, टॉवेलच्या कारखान्यातली मंडळीही येतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रिग्रेशन म्हणजे काही चलांवरून (बदलत्या मापांवरून) एखाद्या गोष्टीचा अंदाज देणारं समीकरण. त्यात प्रत्येक चलाला ज्यानं गुणतात तो त्याचा गुणांक, आणि डेटातली एकेक नोंद म्हणजे ओळ. बरीचशी उदाहरणं रब्बी ज्वारीची आहेत, कारण आपल्याकडे ती सगळ्यांना कळते. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणातले नाहीत.

सगळ्यात चांगलं मॉडेल कोणतं?

हे मी उलट तुम्हालाच विचारतो: मॉडेल कशासाठी हवंय? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला पुढच्या ऑर्डरला सूत किती लागेल याचा अंदाज हवा असतो. सुताचा काउंट (बारीकपणा), इंचातले पिक (आडवे धागे) आणि पाइलची (वरच्या फासांची) उंची घालून टॉवेलचं वजन जवळपास बरोबर आलं, की त्याचं काम झालं. कुठल्या चलाचा गुणांक किती आला याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. उलट मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीचं उत्पन्न कशामुळे वाढतं हे शोधणाऱ्याला गुणांकच हवा असतो. जमिनीची खोली दहा सेंटिमीटरनं वाढली तर हेक्टरी किती क्विंटल वाढतं, हा त्याचा प्रश्न.

पहिल्याला नव्या मालावरची चूक कमी करणारा निकष हवा, दुसऱ्याला फाजील चलांना आत न येऊ देणारा. म्हणून मॉडेल बसवण्याआधीच वहीत लिहून ठेवा: हेतू हा, निकष हा. निकाल समोर आल्यावर निकष शोधायला बसलात, तर जो आपल्याला हवं ते मॉडेल देतो तोच निकष बरोबर वाटायला लागतो. प्रामाणिक माणसाचंही असं होतं, हे मी खूप वेळा पाहिलंय.

आर-स्क्वेअर सगळ्यात जास्त असलेलं मॉडेल घेतलं तर काय बिघडतं?

आर-स्क्वेअर म्हणजे उत्पन्नातल्या चढउतारांपैकी मॉडेलनं उलगडलेला हिस्सा. त्याच ओळींवर कुठलाही नवा चल घातला तरी तो कधीच कमी होत नाही. शेतकऱ्याच्या मोबाइल नंबरचा शेवटचा अंक घातला तरी तो किंचित वाढेलच. त्यामुळे सारख्याच संख्येने चल असलेल्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो चालतो. चलांची संख्या वेगळी झाली की त्याच्या भरवशावर राहू नका.

मग अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर पुरेसा नाही का?

तो बरा आहे, चल वाढले की थोडे गुण कापतोही, पण फार उदार आहे. नवा चल घातल्यावर अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर वाढायला त्या चलाचं टी-मूल्य (गुणांक भागिले त्याची प्रमाणित चूक), चिन्ह सोडून, १ च्या वर गेलं की भागतं. आणि काहीही संबंध नसलेल्या चलाचं टी-मूल्यसुद्धा दर तीनातल्या साधारण एका वेळी १ च्या पुढे जातं. एवढ्या सैल दारातून बरंच काही आत येतं.

एआयसी आणि बीआयसी म्हणजे काय? एकदा आकड्यांनिशी दाखवा.

दोन्हींच्या मागचा विचार एकच आहे. मॉडेल डेटाला जितकं चिकटून बसेल तितके गुण मिळतात, आणि प्रत्येक वाढीव गुणांकाबद्दल दंड भरावा लागतो. ज्याचा आकडा कमी ते मॉडेल वरचढ. एआयसी (अकाइके इन्फर्मेशन क्रायटेरिअन) जपानचे हिरोत्सुगु अकाइके यांनी मांडला. त्यांचा गाजलेला लेख १९७४ चा. सिमेंटच्या फिरत्या भट्ट्यांच्या नियंत्रणावर काम केलेला हा माणूस, म्हणजे प्रत्यक्ष कारखान्यातले प्रश्न त्यांना ठाऊक होते. बीआयसी (बेजियन इन्फर्मेशन क्रायटेरिअन) गिडॉन श्वार्ट्झ यांचा, १९७८ चा.

आता उदाहरण घेऊ. एकाच हंगामातली, वेगवेगळ्या महसूल मंडळांतली ४० रानं. उत्पन्न हेक्टरी क्विंटलमध्ये. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची एकूण बेरीज ४००.

मॉडेल 'अ' मध्ये दोन चल: जमिनीची खोली आणि सप्टेंबरचा पाऊस. रेसिड्युअलच्या (खरं उत्पन्न वजा मॉडेलचा अंदाज) वर्गांची बेरीज उरली १६०, म्हणजे आर-स्क्वेअर ०.६०. मॉडेल 'ब' मध्ये त्यात पेरणीची तारीख घातली. बेरीज १३६ वर आली, आर-स्क्वेअर ०.६६. मॉडेल 'क' मध्ये आणखी तीन चल घातले: उत्तरा नक्षत्राचा पाऊस, नत्राची मात्रा, बियाण्याचं प्रमाण. बेरीज १२२, आर-स्क्वेअर ०.६९५.

अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर अनुक्रमे ०.५७८, ०.६३२ आणि ०.६४० येतो. त्याच्या मते 'क' जिंकलं.

एआयसी काढायला रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज ओळींच्या संख्येनं भागा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, त्याला पुन्हा ओळींच्या संख्येनं गुणा आणि दर गुणांकामागे २ मिळवा. स्थिरांकही मोजायचा. 'अ' चा एआयसी ६१.४५, 'ब' चा ५६.९५, 'क' चा ५८.६१. इथे 'ब' पुढे आलं.

बीआयसीत दंड २ ऐवजी ओळींच्या संख्येचा नैसर्गिक लॉग असतो. ४० चा लॉग ३.६९. आकडे आले ६६.५२, ६३.७१ आणि ७०.४३. इथेही 'ब' पुढे आहे आणि 'क' तर दोन चलांच्या 'अ' च्याही मागे गेलं.

एवढ्यावर न थांबता मी नेहमी आणखी एक आकडा पाहायला लावतो: रेसिड्युअलची प्रमाणित चूक, म्हणजे मॉडेल साधारण कितीनं चुकतं. 'अ' ची २.०८ क्विंटल, 'ब' ची १.९४, 'क' ची १.९२. तीन जास्तीचे चल गोळा करायला विद्यार्थी चाळीस रानं पुन्हा पालथी घालतो आणि हाती येतो हेक्टरी दोन किलोंचा फरक. पेरणीच्या तारखेनं मात्र तेरा-चौदा किलोंचा फरक पाडला होता. हे मार्गदर्शकालाही कळतं आणि शेतकऱ्यालाही.

दोन निकष दोन वेगळी मॉडेलं सुचवतात. कुणाचं ऐकायचं?

एकच धान्य वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून काढल्यासारखं आहे हे. एकच नवा चल घालायचा असेल, तर अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअरची चाळण टी-मूल्य १ च्या वर असलेल्याला आत सोडते. एआयसीची जाळी साधारण १.४१ ला लागते. ४० ओळी असतील तर बीआयसीची १.९२ च्या आसपास, आणि ओळी वाढतील तशी ती आणखी बारीक होते. ८ किंवा जास्त ओळी झाल्या की बीआयसीचा दंड एआयसीपेक्षा नेहमीच मोठा. म्हणजे निकषांचं भांडण नसतं. प्रत्येकाचा कडकपणा वेगळा, एवढंच.

अंदाज वर्तवायचा असेल तर मी एआयसी किंवा क्रॉस-व्हॅलिडेशनकडे (ते कसं करायचं हे पुढे आहे) झुकतो. खरोखर परिणाम करणारे मोजके चल शोधायचे असतील आणि ओळी भरपूर असतील, तर बीआयसी. आणि दोन्ही मॉडेलांतून निघणारा निष्कर्ष सारखाच असेल, तर लहान मॉडेल ठेवा आणि दुसऱ्याचा आकडा शेजारी छापा.

एआयसीत किती फरक असला की तो मोठा मानायचा?

२ पेक्षा कमी फरक म्हणजे दोन्ही मॉडेलं जवळपास बरोबरीची, असा रूढ संकेत आहे. १० च्या पुढे गेला की मागचं मॉडेल सोडून द्यायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात 'ब' आणि 'क' मधला फरक १.६५ चाच होता, म्हणजे नुसत्या एआयसीवर 'क' ला बाद करता येत नाही.

पण ओळी ४० च आहेत. कमी ओळींत एआयसी मोठ्या मॉडेलांना झुकतं माप देतो, म्हणून त्यात दुरुस्ती करून एआयसीसी वापरतात. ओळींना गुणांकांच्या संख्येनं भागल्यावर ४० पेक्षा कमी आलं तर ही दुरुस्ती वापरावी, असं सांगितलं जातं. आपल्या प्रकल्पांत बहुतेक वेळा कमीच येतं. ती लावली की हाच फरक १.६५ वरून साडेचारवर जातो आणि 'ब' ची बाजू स्पष्ट होते.

मॅलोजचा सी-पी अजून वापरतात का?

वापरतात. त्यात मॉडेलची चूक सगळ्यात मोठ्या मॉडेलच्या चुकीशी ताडून पाहतात. सी-पीचा आकडा गुणांकांच्या संख्येजवळ आला तर मॉडेल ठीक. 'अ' चा ९.२८ येतो आणि गुणांक ३, म्हणजे महत्त्वाचं काहीतरी बाहेर राहिलंय. 'ब' चा ४.७९, गुणांक ४. 'क' चा ७ येणारच, कारण तेच सगळ्यात मोठं मॉडेल आहे. त्याचा ७ आला म्हणून ते चांगलं, असं समजू नका.

माझा एआयसी मैत्रिणीच्या एआयसीशी जुळत नाही. डेटा तर एकच आहे!

घाबरू नका. आर सॉफ्टवेअरमधलं एआयसीचं फंक्शन चुकांच्या विचलनालाही (व्हेरियन्सलाही) एक पॅरामीटर धरतं, पायथनचं स्टॅट्समॉडेल्स धरत नाही, म्हणून दोघींत २ चा फरक पडतो. आरमधलंच स्टेप फंक्शन काही स्थिर पदं गाळतं, त्यामुळे त्याचा आकडा आणखी वेगळा दिसतो. सगळी मॉडेलं एकाच फंक्शननं मोजली असतील, तर त्यांच्यातले फरक बरोबर असतात.

एका चलाच्या काही नोंदी नाहीत. तो घातल्यावर एआयसी एकदम खाली आला. मॉडेल सुधारलं ना?

जवळजवळ नक्कीच नाही. एक विद्यार्थिनी एकदा मोठ्या आनंदात आली होती. नत्राची मात्रा घातल्यावर एआयसी झपकन उतरला होता. मी तिला दोन्ही मॉडेलांतल्या ओळी मोजायला सांगितल्या. एकात ४०, दुसऱ्यात ३४. सहा शेतकऱ्यांनी खताचा आकडाच सांगितला नव्हता आणि सॉफ्टवेअरनं त्या ओळी न बोलता गाळल्या होत्या. ओळी कमी झाल्या की बेरीजच लहान होते. ओळीमागची चूक तितकीच राहिली, तरी आपल्या उदाहरणात ४० वरून ३४ वर येताना एआयसी सात अंकांहून जास्त घसरेल, मॉडेल तसूभरही न सुधारता.

आधी सगळ्या चलांच्या नोंदी पूर्ण असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्येक मॉडेल त्याच ओळींवर बसवा. त्या मुलीनं ते पुन्हा केलं तेव्हा नत्राचा फायदा नाहीसा झाला. ती खट्टू झाली, पण तिचा प्रकल्प वाचला.

उत्पन्नाऐवजी उत्पन्नाचा लॉग घेतला तर एआयसीची तुलना चालेल?

थेट नाही. मोजपट्टीच बदलली. लॉगच्या मॉडेलच्या एआयसीत उत्पन्नांच्या नैसर्गिक लॉगांच्या बेरजेची दुप्पट मिळवा, मग तुलना करा. आर-स्क्वेअरची तुलना तर अजिबात करू नका.

स्टेपवाइज लावलं की संगणकच निवडून देतो. मग एवढी डोकेफोड कशाला?

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेतो, कारण इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात.

स्टेपवाइजमध्ये संगणक एकेक चल घालत-काढत मॉडेल ठरवतो, पण त्याला ज्वारी माहीत नाही. समजा तुमच्याकडे ५० चल आहेत आणि त्यातल्या एकाचाही उत्पन्नाशी संबंध नाही. ५ टक्क्यांच्या पातळीवर त्यातले दोन-तीन निव्वळ योगायोगानं 'सिग्निफिकंट' दिसतीलच. डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. निव्वळ यादृच्छिक आकड्यांतून आधी चांगले दिसणारे चल निवडले आणि त्या निवडलेल्यांवरच पुन्हा रिग्रेशन बसवलं, तर निकाल भारदस्त दिसतो आणि त्याच्या मुळाशी काहीच नसतं.

दुसरी अडचण पी-मूल्याची, म्हणजे खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं इतका मोठा परिणाम दिसण्याच्या शक्यतेची. स्टेपवाइजनं निवडलेल्या मॉडेलखाली छापलेली पी-मूल्यं असं गृहीत धरतात की मॉडेल आधीच ठरलेलं होतं. तुम्ही तर त्याच डेटाकडे बघून ते ठरवलंत. त्यामुळे ती मूल्यं आहेत त्यापेक्षा चांगली दिसतात.

चल दहा असतील तर शक्य मॉडेलं १,०२४. वीस असतील तर १०,४८,५७६. एवढ्या ढिगात कुणीतरी सुदैवानं पहिलं येणारच. म्हणून ढीगच लहान करा. कोरडवाहू ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. ओल ठरते जमिनीच्या खोलीवर, परतीच्या पावसावर आणि पेरणी कधी झाली यावर. हे शेतकऱ्याला माहीत आहे आणि कृषिशास्त्रालाही. अशा विचारातून चार-पाच मॉडेलं कागदावर मांडा आणि निकष फक्त त्यांनाच लावा.

सप्टेंबरचा पाऊस आणि उत्तरा नक्षत्राचा पाऊस, दोन्ही घातले तर दोन्हींचे गुणांक विचित्र आले. एकाचा तर उणे आला.

येणारच. उत्तरा साधारण १३ ते २६ सप्टेंबर असतं, म्हणजे तो पाऊस सप्टेंबरच्या पावसाच्या पोटातच आहे. एकच माप दोनदा घातलं की कुणाचा वाटा किती हे मॉडेलला सांगता येत नाही. व्हीआयएफ (एक चल दुसऱ्या चलांत किती गुंतलाय याचं माप) काढा. एका चलाचा दुसऱ्या चलांशी आर-स्क्वेअर ०.९ असेल, तर त्याचा व्हीआयएफ १० येतो. तिथे थांबा. काही जण ५ लाच थांबतात. दोन्हींतला एक ठेवा. कुठला, ते पेरणीच्या दृष्टीनं ठरवा. मी उत्तराचा ठेवीन, कारण पेरणीच्या तोंडावरची ओल तो नीट सांगतो.

फक्त अंदाजच हवा असेल, तर ही गुंतागुंत तितकी बाधत नाही.

क्रॉस-व्हॅलिडेशन कसं करायचं?

डेटाचे पाच किंवा दहा भाग पाडा. एक बाजूला ठेवा, उरलेल्यांवर मॉडेल बसवा आणि बाजूला ठेवलेल्या भागावर ते किती चुकतं ते बघा. असं प्रत्येक भागाचं करा. टॉवेलच्या कारखानदाराला मी हेच करून देतो, कारण उत्तर थेट ग्रॅममध्ये येतं.

एक ओळ बाजूला ठेवण्याचा प्रकार रिग्रेशनमध्ये तर फुकटात होतो. प्रत्येक रेसिड्युअलला एक वजा त्या ओळीचा लिव्हरेज (ती ओळ मॉडेलला स्वतःकडे किती ओढू शकते याचं माप), यानं भागायचं. पुन्हा मॉडेल बसवायची गरज नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे प्रेस.

मात्र भाग पाडताना चिठ्ठ्या टाकू नका. एकाच मंडळातल्या रानांना सारखाच पाऊस लागतो. मोहोळ मंडळातली चार रानं मॉडेलमध्ये आणि पाचवं परीक्षेला, तर परीक्षेचा पेपर आधीच फुटला. अख्खं मंडळ बाहेर ठेवा. अनेक वर्षांचा डेटा असेल तर अख्खं वर्ष बाहेर ठेवा. चुकीचा आकडा वाढेल, पण तो खरा असेल.

दुष्काळाचं एक वर्ष सगळं बिघडवतंय. काढून टाकू?

जिल्ह्याच्या जुन्या मालिकेत १९७२ आलं की हा प्रश्न येतोच. नोंद चुकली असेल तर जरूर काढा. पण दुष्काळ खरोखर पडला असेल, तर ते वर्षही आपलंच आहे. अवर्षणग्रस्त जिल्ह्याच्या मॉडेलमधून अवर्षण काढून टाकलं, तर ज्या वर्षी त्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच ते उपयोगी पडणार नाही. कुकचं अंतर (एक नोंद निकाल किती हलवते याचं माप) काढा, ते वर्ष ठेवून आणि काढून, असे दोन्ही निकाल द्या. त्या एका वर्षानं तुमचं निवडलेलं मॉडेलच बदलत असेल, तर ती अहवालातली महत्त्वाची ओळ आहे.

निकष चांगले आले. आता आलेख काढलाच पाहिजे का?

काढलाच पाहिजे. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी ११-११ बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांची रेषा एकच, आर-स्क्वेअर प्रत्येकी ०.६७ च्या आसपास. आलेख काढले तर एक साधा, एक वक्र, एकात भरकटलेला बिंदू आणि एकात अख्खी रेषा एकाच बिंदूवर टांगलेली. एआयसीला यातलं काही दिसत नाही. तुम्ही त्याला पाच चुकीची मॉडेलं दिलीत तर तो त्यातलं सगळ्यात कमी चुकीचं काढून देईल आणि गप्प राहील.

ज्वारीत जमिनीच्या खोलीचा फायदा एका मर्यादेपर्यंतच वाढत जातो. रेसिड्युअल खोलीसमोर मांडले आणि कमान दिसली, तर खोलीचा वर्ग घालून बघा. वर्ग ठेवला तर साधी खोलीही मॉडेलमध्ये ठेवायची, तिचं टी-मूल्य कितीही लहान असो.

लॅसो वापरू का?

लॅसो म्हणजे गुणांक आकसवून काहींना थेट शून्य करणारी पद्धत. चल ओळींच्या जवळपास किंवा जास्त असतील तर वापरा. तीन-चार चलांना त्याची गरज नाही.

माझ्याकडे फक्त एक्सेल आहे.

चालतं. डेटा अ‍ॅनालिसिसमधल्या रिग्रेशनला जास्तीत जास्त १६ चल देता येतात. अ‍ॅनोव्हाच्या तक्त्यात रेसिड्युअलच्या ओळीत वर्गांची बेरीज असते. ती घ्या आणि एलएन फंक्शननं वर सांगितल्याप्रमाणे एआयसी, बीआयसी स्वतः काढा. हातानं एकदा काढलेला एआयसी पुढे कधी विसरत नाही.

प्रकल्पाच्या अहवालात काय काय लिहू?

किती मॉडेलं बसवली ते सगळं लिहा, फक्त शेवटचं नको. निकष कोणता आणि का, किती ओळी गळल्या, दुसऱ्या क्रमांकाच्या मॉडेलचा आकडा, आणि चूक क्विंटलमध्ये किंवा ग्रॅममध्ये.

शेतकऱ्यांना पेरणीची तारीख आठवत नाही. तो चल सोडून देऊ का?

सोडू नका. आपल्या उदाहरणात तर त्याच चलानं सगळा फरक पाडला. कागद पुढे करून तारीख विचारलीत तर ते "सप्टेंबरात कधीतरी" म्हणतील. नक्षत्र विचारा. "उत्तरा निघता निघता पेरलं" किंवा "हस्ताचा पहिला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी तिफण घातली", असं उत्तर हमखास येतं. महावेधच्या (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या) मंडळनिहाय नोंदीत हस्तातला पहिला पाऊस कुठल्या दिवशी पडला ते बघा आणि तीन दिवस पुढे मोजा.